बायडाबाई ३:१२

...आणि वर लिहितात, ‘आपले संदर्भ अशास्त्रीय आहेत’! अहो, अशास्त्रीय? तुम्हाला सांगतो, मी शांतवन मास्तर, शेवगावात रोज चौथीच्या पोरांना शुद्धलेखन घालतो, माझ्या हातून वेलांटी चुकत नाही, आणि मला हे पुण्याचे संपादक, ज्यांना मी जन्मात पाहिलं नाही, ते कळवतात अशास्त्रीय. लेख आवडला म्हणे. का नाही आवडणार? राजूरला नोकरीला होतो तेव्हा आठ वर्षं बायडाबाईच्या जात्याजवळ वही घेऊन बसलोय मी. ती दळायची, मी लिहायचो, पीठ माझ्या टोपीवर. बेचाळीस ओव्या. त्यातली एक तिच्या लेकीवरची, पहिल्या बाळंतपणात गेली ती...

डोंगराच्या आड माझ्या मैनेचं घर,
धुक्यानं भरून आलं, कुठं शोधू दार.

ही म्हणताना तिचा जात्याचा हात थांबायचा, माझा टाक थांबायचा. आता राजूरला पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि जातं फिरल्याशिवाय तिला ओवीच आठवत नाही. मला एवढंच म्हणाली होती, ‘मास्तर, माज्या लेकीचं तेवढं छापून आना. मी गेल्यावर कोन म्हननार?’ मी हो म्हणून बसलो. आता लढाईमुळं कागद मिळेना, त्रैमासिकाचा हा अंक निघाला तर निघाला, पुढचं कुणाला ठाऊक. पत्र हातात पडलं सोमवारी, आणि मुदत शनिवारची.

चूक माझी? असेल, थोडी असेल. पण मी काय केलं? आमच्या ख्रिस्ती देवळात पाळकसाहेब कसं पुकारतात? नाव, अध्याय, वचन. एवढं कानावर पडलं की अख्खी मंडळी बायबलाचं बरोबर पान काढते, कुणी विचारत नाही की प्रकाशक कोण. माझा बाप उपदेशक, दुधाबरोबर हेच प्यायलोय मी. तर मी तसंच मांडलं. बायडाबाई दळायला बसली की एक अध्याय, त्यातली ओवी म्हणजे वचन. लेकीची ओवी, तिसरी बैठक, बारावी ओवी, म्हणून लिहिलं ‘बायडाबाई ३:१२’. किती सुटसुटीत! तर संपादक काय लिहितात, नाकातून बोलल्यासारखं, ‘बायडाबाई हा ग्रंथ आमच्या संग्रहात आढळला नाही. प्रकाशक, आवृत्ती व सन कळवावे. ग्रंथ दुर्मीळ असल्यास एक प्रत अवलोकनार्थ पाठवावी.’ आता बायडाबाईची प्रत कुठून पाठवू? अहो, एकच आवृत्ती आहे ती, आणि तिला गुडघेदुखी आहे.

आणि खाली बारीक अक्षरात, ‘मजकूर मौखिक असल्यास प्रत्येक टिपेत सांगणारीचे नाव, पतीचे संपूर्ण नाव, आडनाव, वय, गाव, व तिने कोणाकडून ऐकले ते द्यावे. नुसते “वरीलप्रमाणे” असे लिहिलेले चालणार नाही.’ म्हणजे तेच ते बेचाळीस वेळा. एकेक टीप तीन तीन ओळींची. आणि मुदत शनिवारची.

रजा काढली, मोटारी बदलत, धक्के खात बुधवारी राजूरला पोचलो. पेट्रोल नाही, मोटार कोळशाच्या गॅसवर, ड्रायव्हर छगन म्हणाला, ‘मास्तर, भट्टी तापली की निगनार बरं का, मग माज्या बापासाठीबी थांबनार न्हाई.’ संगमनेरचं टपाल गाठायचं तर हीच मोटार. मी पळत बायडाबाईच्या ओट्यावर. म्हटलं, बाई, पटकन सांगा, नवऱ्याचं नाव काय? तुम्ही म्हणाल, आठ वर्षं राहिलात आणि नाव ठाऊक नाही? अहो, सगळं गाव त्याला आबा म्हणतं, मीही आबाच म्हणत आलो.

बायडाबाईनं पदर तोंडाला लावला. ‘घरचं मानूस.’

‘अहो, नाव.’

‘आमचं त्येच की.’

‘बाई, पुण्याला कळवायचंय.’

‘पुन्याला? मंग तर न्हाईच घेनार.’

म्हटलं, उखाण्यात घ्या. तर म्हणते, ‘उखाना लग्नात आसतोय. साठी आली, नातवंडं हासतील.’ शेजारच्या कडूबाईला हाक मारली. तिनं जीभच चावली. ‘थोरलं दीर लागत्यात माजं. मी कसं नाव घिऊ?’ तिकडं छगन भोंगा वाजवतोय, बरं, हे राहू दे म्हटलं, ओव्या कुणाकडून ऐकल्या ते सांगा. ‘सासूकडनं.’ सासूनं कुणाकडून? ‘तिच्या सासूकडनं.’ आणि तिनं? ‘आता ते वर जाऊन इचारा.’

खरंच सांगतो, रडकुंडीला आलो. आठ वर्षांची वही हातात, आणि एका नावासाठी सगळं बुडणार. एवढ्यात मागून खोकल्याचा आवाज. ओट्याच्या टोकाला भिंतीला टेकून, तंबाखू मळत, पहिल्यापासून आबा बसलेला! ‘तिला काय पिडताय? मला इचारा की.’

आता मला का सुचलं नाही, विचारू नका. डोकंच चालत नव्हतं.

‘ल्हिवा,’ आबा म्हणाला, ‘गहिनीनाथ बिन रखमाजी धिंदळे.’ आणि मग म्हणतो, ‘पर माजं नाव कशापायी? मी एकबी ओवी ऐकल्याली न्हाई. ती दळायची तवा मी झोपल्याला.’ मी म्हटलं, नियम आहे. तर स्वारी खुलली. ‘बापाचं नाव गाळू नगा.’ नाही गाळलं. मोटारीत मांडीवर फळी घेऊन, खड्ड्याखड्ड्याला टाक उडतोय, मी लिहितोय, बायडाबाई, पती गहिनीनाथ बिन रखमाजी धिंदळे, वय अदमासे साठ, राजूर, सासूकडून... बायडाबाई, पती गहिनीनाथ बिन रखमाजी धिंदळे... बेचाळीस वेळा. संगमनेरला पोस्टमास्तर दार ओढून घेत होते, मी फटीत पाकीट घातलं. मुदत शनिवारची, आणि पोचलं हो, शनिवारी पोचलं!

दोन महिन्यांनी अंक आला. माझा लेख, माझं नाव, प्रस्तावनेचं दीड पान. आणि मग चौकटीत, ‘कागदाच्या टंचाईमुळे मूळ ओव्या गाळाव्या लागल्या. टिपा मात्र अत्यंत शास्त्रशुद्ध असल्याने अभ्यासकांच्या सोयीसाठी संपूर्ण देत आहोत.’

तोंड लपवून बसावंसं वाटलं. पण शब्द दिला होता, गेलो राजूरला. वाचून दाखवलं. आबा तर हवेतच. ‘पुन्यात? बेचाळीस डाव?’ म्हणत टोपी घालून गावात सांगायला गेला. बायडाबाई जवळ सरकली. मग म्हणाली, ‘आन माजी लेक?’

म्हटलं, बाई, जागा पुरली नाही. मला वाईट वाटलं हो, फार वाईट वाटलं. तिनं अंक हातात घेतला. वाचता येत नाही, नुसतं एकेका ओळीवर बोट ठेवायची. ‘ह्ये काय हाय?’ आबांचं नाव. ‘आन ह्ये?’ आबांचंच. ‘आन ह्ये खालचं?’

शेवटच्या ओळीपर्यंत बोट नेलं. मग म्हणाली, ‘मास्तर, त्येंचं नाव येकदाच घातलं आसतं, तर माजी लेक बसली आसती का वो?’

मास्तर ना मी, हिशेब केला. टीप तीन ओळींची, नाव एकदा प्रस्तावनेत देऊन खाली ‘वरीलप्रमाणे’ म्हटलं तर एका ओळीत भागतं. प्रत्येक टिपेमागं दोन ओळी मोकळ्या. आणि ओवी? ओवी दोनच ओळींची. तुम्हाला सांगतो, बेचाळीसच्या बेचाळीस बसल्या असत्या.