देवळाबाहेर काढलेले बूट

हसू नका, पण वीस वर्षांपूर्वी लेकाच्या कॉम्प्युटरवर मी राक्षस मारायचा एक गेम कुणी न शिकवता संपवला होता. गेल्या आठवड्यात नातीनं तोच गेम, नव्यानं बनवलेला, लावून दिला. तीन दिवस खपून लोखंडी बूट कमावले आणि राक्षसाच्या देवळापाशी येऊन उंबऱ्याबाहेर काढून ठेवले.

नात किंचाळली, "आजी, बूट घाला! आत निखारे हायेत!"

"देवळात पायताण घालून जाऊ? मागं बी अनवाणीच जिंकले होते."

पाय भाजले, पण राक्षस मारलाच. बाहेर येते तर बूट गायब! जुन्या गेमात जागेवरच सापडायचे.

नात म्हणाली, "आता सगळं लई खऱ्यासारखं केलंय, आजी."

"व्हय, दिसतंय की. मग बघ, दुसऱ्या कुणाचे माझ्या मापाचे पडलेत का."