पुठ्ठ्यावरचा कॉम्प्युटर

हसू नका रे, आम्ही कॉम्प्युटर पुठ्ठ्यावर शिकलोय! ऐंशीचं दशक संपत आलेलं. कॉलेजात एकच मशीन आलं, ते प्रिन्सिपॉलांच्या खोलीत कुलपात. धूळ बसेल म्हणून आम्हाला हात लावू देत नसत. मग कॉम्प्युटरच्या सरांनी प्रत्येकाला पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून दिला. वर्षभर त्याच्यावरच बोटं आपटली. टेंपोतून घरी जातानाही मी दांडीवर टकटक करायचो. शेजारचे वैतागायचे, "बस कर रं आता!"

प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक आले, तेव्हा कुठं मशीन उघडलं. पहिली पोशीर गावची सुमन बसली. तिच्यानंतर माझा नंबर. तिनं दोन ओळी टाईप केल्या, तोच लाईट गेली. पडदा काळा. सुमन मात्र थांबेचना, खटाखट चालूच!

परीक्षक ओरडले, "अगं थांब! काही दिसतंय का तुला?"

"नाय सर. पुठ्ठ्यावर तरी कुठं काय दिसायचं?"

परीक्षक आमच्या सरांकडे वळले. "मग वर्षभर यांच्या चुका शोधल्या कशा तुम्ही?"

सर म्हणाले, "चुका? वर्षभरात एकाचीही चूक झाली नाही, साहेब!"