पाण्याकडची बाजू

थांबा. कुठं निघालात चौघं? पलीकडच्या गावाला, कबड्डीला? आणि तलावाच्या भिंतीवरनं? बसा खाली. सद्या, तू आधी बस. नवरात्रातले सामने रात्रभर चालतात, पळून जात नाहीत. ऐका आधी. मग जायचं तर जा.

तायप्पामामा, तुम्ही हसू नका. त्या रात्री चौकीत घोरत होता तुम्ही. काय? अंगात कणकण होती? बरं, कणकणीनं घोरत होता.

तर ऐका. ही आपली भिंत मातीची. एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला गवताचा उतार, मधे चालायची वाट. दर तीस मीटरवर आकड्याचा दगड. असे चाळीस दगड. मी शाळेत फार गेलो नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मला आकडे आले ते त्या दगडांवर. लहूदादा मला खांद्यावर घेऊन न्यायचा, दगडावर बोट ठेवायचा, म्हणायचा, "बोल." चुकलो की टपली.

पावसाळ्यात आम्ही दोघं भाऊ रात्रीच्या गस्तीला असायचो. उतारावर पाझर बघायचा. पाणी नितळ आलं तर काळजी नाही. गढूळ आलं तर पळत सुटायचं, कारण भिंतीतली माती निघाली. आणि चोविसाव्या दगडाजवळ पट्टी आहे, पाणी किती चढलं ते दाखवणारी. तिथं दादा खाली उतरायचा. मी वरून बॅटरी धरायचो. मला कधी उतरू दिलं नाही त्यानं. चालतानासुद्धा नाही. पाण्याकडून तो, उताराकडून मी. जाताना पाणी डाव्या हाताला, येताना उजव्या. वळताना तो न बोलता बाजू बदलायचा. मी बावीस वर्षांचा घोडा झालो तरी!

गणपतीत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. मी कबड्डीला गेलो. "दादा, बाराला येतो." तो म्हणाला, "जा रे, एक रात्र करतो मी एकटा." मी पहाटे आलो. बॅटरी धरायला कुणी नव्हतं. तो पट्टी बघायला उतरला आणि शेवाळावरून घसरून पाण्यात गेला. तिसऱ्या दिवशी, शहराला पाणी ओढणाऱ्या पंपाच्या विहिरीच्या जाळीला लागला. तीन दिवस दादा त्या पाण्यात होता आणि शहरात नळ चालूच होते. लोक आंघोळी करत होते, चहा पीत होते. जाऊ दे. त्यांना काय माहीत?

मला दादाला एकच सांगायचं होतं. चूक माझी झाली, एवढंच. म्हणून पितृपक्षात, काळोखी रात्र बघून, मी मामांना उठवलं नाही. एकटाच निघालो. भेटायचंच होतं मला त्याला. डोकं फिरलेलं म्हणा हवं तर.

एक, दोन, तीन. दगड मोजत गेलो. दहाव्या दगडाजवळ पुढं उजेड दिसला. लहान, हलणारा. दादा बॅटरी हलवत चालायचा, तसाच. मी भरभर चाललो, तोही भरभर. मी थांबलो, तोही थांबला. तेवीस आला. चोवीस आला. उजेड गेला.

पुढं गेलो. पुढचा दगड आला. बॅटरी मारली. चोवीस!

म्हटलं, बघण्यात चूक झाली. पुन्हा चाललो. पुन्हा चोवीस. अहो, चकवा माळावर लागतो, रानात लागतो. ही भिंत तर सरळ! वाट चुकायला जागा कुठं आहे? मी रुमाल काढला, दगडावर टाकला आणि पळत सुटलो. पुढच्या दगडावर माझाच रुमाल. चिंब ओला. पाऊस नव्हता, ऐकताय ना? पावसाचा थेंब नव्हता.

आणि मग आवाज आला.

"अंक्या, भ्यालास व्हय रे?"

"दादा?"

"मग कोण, तुझा सासरा?"

मी रडायलाच लागलो. दादाच बोलत होता, सद्या. शंभर टक्के तोच आवाज. चालता चालता विचारलं त्यानं, "आई जेवती का?"

"अर्धी भाकरी."

"अन् तू?"

"दादा, त्या रात्री मी…"

"ते मागनं बोलू. आधी पट्टी बघू. पाणी चढलंय. आज तूबी उतर खाली, मोठा झालास आता."

दोनदा बोलायला गेलो, दोनदा त्यानं तोडलं. गार खांदा माझ्या खांद्याला लागत होता. मी ऐकत होतो, सरकत होतो. पायाखालची माती संपली, दगड लागले. दगड बुळबुळीत झाले. मला कळत होतं आणि कळत नव्हतं. मग पाऊल पाण्यात गेलं. पाणी कोमट होतं. घोट्यापर्यंत. गुडघ्यापर्यंत.

आणि एकदम लक्षात आलं. पाणी डाव्या हाताला. आणि आवाज उजव्या कानात!

मी विचारलं, "तू तिकडून का चालतोस?"

तो म्हणाला, "कुठूनबी चाललं तर काय फरक पडतो?"

अरे, माझा दादा मेला तरी असं म्हणायचा नाही!

मी वळलो. घोटा धरला कुणीतरी. बोटं नव्हती त्याला, नुसती पकड. चप्पल गेली, नख उखडलं, मी चार पायांवर वर चढलो आणि चोवीसच्या दगडाला मिठी मारली. डोळे मिटले. मोठ्यानं आकडे म्हणायला लागलो. एक ते चाळीस. पुन्हा एक ते चाळीस. ते माझ्याभोवती फिरत होतं. आईच्या आवाजात बोलावून झालं. हसून झालं. शेवटी अगदी हळू, पाण्यातून,

"अंक्या, गार लागतंय रे. बॅटरी तरी धर."

बॅटरी माझ्या हातात होती. मी धरली नाही. मामा, तुम्ही आता हसत नाही.

पाचला पंप सुरू झाला. शहराचं पाणी निघालं, भिंत घुमली, आणि ते गेलं. डोळे उघडले. पुढच्या दगडावर पंचवीस.

येताना मी उताराकडून चाललो. पाण्याकडची जागा मोकळी ठेवली. दादा होता की नाही, मला माहीत नाही. मी त्या बाजूला तोंड करून सगळं सांगितलं. चोवीस ते एक, सांगतच आलो. कुणी तोडलं नाही.

चला, उठा. कबड्डी बघायची ना? सडकेनं जा. सात किलोमीटर पडतं, पडू दे. भिंतीवर पाय ठेवू नका. ओळखीच्या आवाजानं बोलावलं तरी नाही, आधी बघा तो कुठल्या बाजूनं बोलतोय.

मी? मला जावं लागतं. पट्टी बघायची वेळ झाली. उठा मामा. तुम्ही उताराकडून चालायचं. खाली मी उतरतो. तुम्ही फक्त बॅटरी धरा, आणि काही झालं तरी ती हलवू नका.