खालच्या फळीचा रंग

जमलेल्या सगळ्यांना जय भीम.

मला भाषण येत नाही. मी सुतार माणूस. आमच्या घरात बोलायचं काम वहिनीचं होतं, आणि आज तिच्याबद्दलच बोलायला मला उभं केलंय. दादाला म्हणालो, तू बोल. त्यानं नुसती मान हलवली. वहिनी गेल्यापासून कालपर्यंत तो बोललाच नव्हता. रडलाही नव्हता. तो समोर बसलाय, म्हणून मी उभा आहे. आणि मला सांगायचंय ते या मागच्या कपाटाबद्दल.

शांतावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. आमच्या कामातलं तिसरं माणूस. दादा कापायचा, मी ठोकायचो, ती भरायची. काय भरायची? खिळ्यांची भोकं. आता सगळीकडं तयार पॉलिशचा प्लाय. कंपनीतूनच चकाकत येतो. त्यात खिळा मारला की भोक दिसतं. ते बुजवायला लांबी, म्हणजे खडूचा रंगीत लगदा, भरायची, आणि तिचा रंग चुकला तर घासायची सोय नाही. घासलं की पॉलिशच जातं.

लग्नाआधी वहिनी अक्कलकोट रोडला चादरीच्या कारखान्यात सूत रंगवायची. डोळा तिथं तयार झाला. खडूच्या भुकटीत गेरू, पिवडी, चिमूटभर काजळ कालवायची. प्लायच्या तुकड्यावर बोटभर लावून खिडकीत ठेवायची. मला लई घाई. मी म्हणायचो, "जुळलं की वहिनी, भर आता." ती म्हणायची, "थांबा की भावजी. वला रंग खोटं बोलतो. वाळू दे. च्या पिऊ तवर." चहा संपेपर्यंत तो गडद रंग फिका पडायचा, आणि जुळलं नव्हतं ते मलाही दिसायचं.

खोटं "जुळलं" तिला चालायचंच नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "बाई, झकास!" ही म्हणायची, "झकास कुटलं? लाल मारतंय न्हाय का?" कोरून काढायची, परत भरायची. नवी पेठेतल्या एका कापडवाल्या शेठनी कपाटावर हात फिरवला, त्यांना एक खिळा सापडेना. म्हणाले, "नुसतं चिकटवून दिलं का?" वहिनी म्हणाली, "हलवून बघा की शेठ." शेठनी हलवलं. शेठच हलले, कपाट नाही.

हसा. हसा की. तिलाही आवडलं असतं.

तर हे कपाट. आपल्या विहारातल्या पोरांच्या पुस्तकांसाठी आम्ही केलेलं. वरच्या फळ्या वहिनीनं भरल्या. कुठं खिळा आहे, मलाही सांगता येणार नाही, आणि ते मीच ठोकलेत. खालची फळी राहिली. तेवढ्यात तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून ती आलीच नाही.

काल सकाळी मी इथं आलो, तर दादा आधीच आलेला. पुढ्यात तिची रंग कालवायची वाटी. गेरू, पिवडी, काजळ, सगळं तिच्यासारखं. तुकड्यावर लावलं. खिडकीत वाळवलं. मग फळीची भोकं भरली, आणि वाळेपर्यंत आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो. चहा कुणी आणला नाही.

वाळल्यावर उठून दादानं फळी बघितली आणि मला विचारलं, "जुळला का रं?"

काय सांगू, लोकहो? समोर भाऊ. इतक्या दिवसांनी त्याच्या तोंडून पहिला शब्द. हो म्हणायला काय जात होतं माझं? पण मला वहिनी दिसली. मी म्हणालो, "न्हाय दादा. लाल मारतंय."

दादा तिथंच फरशीवर बसला आणि रडला. लहान पोरासारखा, हुंदके देऊन. मी त्याला धरलं. मग विचारलं, "कोरून काढू? परत भरू?"

दादा म्हणाला, "ऱ्हाऊ दे. ती न्हाय, ते दिसू दे."

म्हणून सांगतो. जाताना खालची फळी बघा. ठिपके दिसतील. छान झालंय, असं दादाला कुणी म्हणू नका. फक्त त्याच्याजवळ जरा वेळ बसा.

आता सगळे उभं राहूया. थोडा वेळ कुणीच काही बोलायचं नाही.

वहिनी, तुला आमचा शेवटचा जय भीम.