बोंड्याचा गळा

गोवर्धन: ...अन् कुत्र्याच्या गळ्यात दोर नाही बांधाचा, नत्थुजी. छातीवरून पट्टा. बैलाईच्या दमणीत हातभर तनस टाक, मऊ वाळलं गवत पाहून, वरून गोणपाट वलं करून बांध. नाकात धूळ नाही गेली पाहिजे. साहेबाचा हुकूम हाय.

नत्थुजी: पोरीची पाठवणी केली तवा इतकं नव्हतं केलं, गोवर्धनजी.

गोवर्धन: पोरीच्या आवाजावर बिबट थोडाच येणार होता! मागची खेप भुलला? चिखलदऱ्याले पोचेपर्यंत कुत्रं रडून रडून मुकं झालं. साहेबानं ते झाडाले बांधलं, खुद मचाणावर बसला, अन् कुत्रं भुंकेच ना. बिबट कशाले येते? साहेब रातभर डासाईले रगत पाजत बसला.

नत्थुजी: डासाईचं त भलं झालं.

गोवर्धन: हसून राहिला? साहेब काय म्हणाला, ध्यानात हाय ना? या बारीले कुत्र्याचा गळा बसला, त झाडाले नत्थू बांधा. त्याचा गळा कधीच बसत नाही.

नत्थुजी: हाय ना ध्यानात! म्हणून त शकुनले संग घेतलं. कुत्रं तिचंच, तिच्या मांडीवर गुमान निजते. परतवाड्यापर्यंत येते, तिथून ते अचलपुरात बहिणीकडं जाईन.

गोवर्धन: तिले काय सांगितलं?

नत्थुजी: साहेबाले पाळाले पाहिजे म्हणून सांगितलं.

(गोवर्धन घोड्यावर पुढे जातो. शकुन कुत्र्याला घेऊन दमणीत चढते.)

शकुन: नत्थुभाऊ, बैल पळवू नका. लय दचके बसले का बोंड्या वकते. सकाळपासून वाटीभर ताकावरच ठेवलं मी त्याले.

नत्थुजी: शाबास.

शकुन: पाणी घोट घोट पाजू. सावली दिसली का उतरवू, नाही त अंग आखडते. पण सडकेवर नाही चालवाचं, पाय पोळतीन.

नत्थुजी: बजारात वांगे नेते तवाही अशीच नेते काय वं?

शकुन: वांगे रडत नाहीत, भाऊ. साहेब चांगला ठेवीन ना? आपल्या शहरात मुन्शिपालटीवाले भाकरीत जहर घालून कुत्रे मारून राहिले, म्हणून देऊन राहिलो. नाही त याले कोण देते? साहेबाच्या कुत्र्याले कोणी हात लावत नाही म्हणतेत.

नत्थुजी: हात? अवं, मागच्या कुत्रीले पडसं झालं, त नागपूरहून डाक्टर आला. घाट चढताना डाक्टर पायी अन् कुत्री डोलीत! अन् एक कुत्रं त साहेबापाशी राहून राहून इंग्रजीत भुंके. गावचे कुत्रे नुसते तोंडाकडं पाहत.

शकुन: खोटं!

नत्थुजी: खोटं असन त जीभ झडो माही.

शकुन: तुमची जीभ झडत नाही. बैलाईची शपथ घ्या. म्हणा, बोंड्याले काही होणार नाही.

नत्थुजी: बैलाईची कशाले वं? मुकी जनावरं, त्याईचा काय गुन्हा? बायकोची घेतो.

शकुन: घ्या.

नत्थुजी: घेतली.

शकुन: अन् ते पडशाची कुत्री आता कुठं हाय?

नत्थुजी: ते? ते गेली. लय लांब. विलायतेच्याही पुढं.

शकुन: बाई! इतक्या लांब वाटंनं पाणी कोणं पाजलं असन तिले?

नत्थुजी: हं, चला रे बैलाहो!

शकुन: बोला ना.

नत्थुजी: बोलू नको आता. झोपला तो. झोपू दे, गळ्याले आराम पडते.

शकुन: किती जीव लावता हो तुमी त्याले! मी उगाच खोटं म्हटलं तुमाले.

नत्थुजी: हे पाह्य, परतवाडा आलं. उतर हळूच.

शकुन: थांबा. पदर फाडतो थोडा.

नत्थुजी: अवं, नवं लुगडं हाय!

शकुन: असू द्या. नव्या जागी रातच्याले हा गाव डोक्यावर घेते. हे फडकं त्याच्या पुढ्यात ठेवजा. माहा वास आला का त्याच्यावर तोंड ठेवून पडते. पहाटेपर्यंत आवाज नाही काढत.

नत्थुजी: एकही नाही?

शकुन: एकही नाही. मी बहिणीच्या बाळंतपणाले गेली होती, तवा असंच ठेवलं होतं घरी. ठेवसान ना आठवणीनं?

नत्थुजी: आठवण राहीन.

शकुन: बोंड्या, गुणानं राय रे बाप्पा. साहेबाले चावू नको.

नत्थुजी: जाय आता. अन् मागं पाहू नको, नाही त इथंच बोंबलीन तो.

(शकुन जाते. पुढे गेलेला गोवर्धन घोडा फिरवून दमणीपाशी येतो.)

गोवर्धन: गेली का बाई?

नत्थुजी: वळणावर दिसेनाशी झाली.

गोवर्धन: बोंड्या! ए! हां, भुंक, भुंक! आयकलं, नत्थुजी? गळा हाय का घंटा? असा आवाज आयकला त बिबट जेवण टाकून येईन. वाचला तू!

नत्थुजी: वाचलो.

गोवर्धन: अन् हे काय धरून बसलं पुढ्यात? लुगड्याचं फडकं?

नत्थुजी: ते... द्या इकडं.

गोवर्धन: सोडत नाही ना. दोन्ही पंज्यांखाली दाबून धरलं.

नत्थुजी: हळू ओढा, फाडू नका. घाटाच्या आंधी चाकाले वंगण द्याचं हाय, अन् फडकंच नव्हतं माह्यापाशी.