शिडीवरचा कावळा

दादाच्या दहाव्याला अकोल्याच्या घाटावर कावळा काही पिंडाला शिवेना. काका वचनं देऊन थकले. दादाचं मन कुठे अडकलंय, ते मला ठाऊक होतं. मी पिंडाचं पान उचललं आणि थेट वाचनालयाचा चौक गाठला. तिथल्या शिल्पाची लोखंडी शिडी दादानेच वेल्डिंग केलेली. तिच्या टोकाला पुस्तक आहे, पण खालच्या पायऱ्याच नाहीत. गरिबाचा हात पुस्तकापर्यंत पोचत नाही, हे सांगायला ती उभी केलीय.

शिडीभोवतीच्या कठड्यापाशी चौकीदार आडवा आला. “कठड्याच्या आत जायची मनाई हाय, भाऊ.”

“माह्या भावानं बनवली हे शिडी.”

“कोणीबी बनवो.”

मी पान कठड्याबाहेरच ठेवलं. कुठूनसा कावळा उतरला, घास उचलला आणि सरळ वरच्या पुस्तकावर जाऊन बसला.

मी चौकीदाराला म्हटलं, “आता उतरवा माह्या दादाले.”