पांढऱ्या ओट्याची परीक्षा

...आन वरून म्हणते काय, तं मॅच झालं पाह्यजे! अरे, कायचं मॅच बाप्पा? सैपाकघर हाय का नवरदेवाचा सूट? तुम्हाले सांगतो, नेरच्या विजयमालाबाईनं तीस वर्षं कडप्प्याच्या ओट्यावर सैपाक केला, कापूस वेचणीच्या दिवसात टोपलं-टोपलं भाकरी थापल्या, तवा एकानं तरी इचारलं का, बाई, तुही भाकर ओट्याले मॅच होते का म्हून?

पण पोरगा नयन पडला पुण्याच्या कंपनीत! त्याची सोयरीक जुळून राह्यली होती. मुलीकडचे यवतमाळचे, शिकलेले, हापिसातले लोक, महिन्याभरात घर पाहाले येनार. झालं! नयनचा फोन, "आई, किचन मॉड्युलर करू. कपाटं पांढरी, ओटाही पांढरा. फक्त मॅच झालं पाहिजे." आन भगवानराव, तिचे मालक, ज्यायनं जन्मात सैपाकघरात सोताच्या हातानं पानी घेतलं नाही, थेही मागून म्हणे, "हो, मॅच झालं पाह्यजे!"

गेले मंग दोघं नवरा-बायको यवतमाळच्या किचनच्या दुकानात. नयन मोबाईलमधून पाहून राह्यला. दुकानातला सलील, गयात टाय, त्यानं दगडाचे सहा तुकडे मांडले. सहाही पांढरे! "मॅडम, हा आयव्हरी, हा फ्रॉस्टी, हा पर्ल..." विजयमालाबाईनं बोट ठेवलं, "हे ताक, हे साय, हा चुना... पुढं बोल." तिनं इतकंच इचारलं, "हळद सांडली तं?"

आता हा काही वाईट प्रश्न हाय का? सांगा तुम्ही! पण मोबाईलमधून नयन म्हणते, "आई, तू सांडूच नको ना!" भगवानराव म्हणते, "हो नं, कायले सांडतं?" जशी काही थे तीस वर्षं मुद्दाम सांडून राह्यली होती! ओट्यापाशी उभं कोन राहनार, हिची कंबर का ह्या दोघाइची? पण नाही! सोमवारी ऑर्डर द्याचं ठरलं. ओटा पांढरा. काहून? तं मॅच झालं पाह्यजे!

सोमवारी सकायी भगवानराव वावरात गेले, आन विजयमालाबाईनं डबा भरला. तुम्हाले वाटंल जेवाले? अहो कायचं जेवाले! एका कप्प्यात फोडणीचं वरण, दुसऱ्यात वांग्याचा तर्रीवाला रस्सा, तिसऱ्यात निंबू. बसली एकटीच यष्टीत आन गाठलं दुकान.

"या मॅडम, चहा घेणार?" सलील म्हणते. तिनं डबा उघडला आन सहाही पांढऱ्या तुकड्याइवर वरण वाढलं, वर रस्सा, वरून निंबू पिळलं!

"अहो मॅडम! काय करताय?"

"सैपाक करून राह्यली. तू पी चहा."

अर्धा घंटा बसली ना जी थे, खुर्चीत मांडी घालून! मंग पुसलं. काय सांगू... सहाच्या सहा पिवळे, हळद लागलेल्या नवऱ्या जशा! सलील घाबरून डबा झाकाले धावला, तं त्याच्याच हातून रस्सा सांडला दाराच्या पायरीवर. विजयमालाबाईनं त्यालेही अर्धा घंटा तसंच ठेवलं, मंग वाकून फडकं मारलं. दाग नाही! काळीभोर पायरी, बारीक पांढरे ठिपके, चकचक करून राह्यली.

"हे कोनतं?"

"मॅडम, ती पायरी आहे! रोज शंभर लोकांच्या चपला..."

"इतक्या चपला खाऊन चमकते? मंग हाच दगड पाह्यजे."

"पण पांढऱ्या कपाटांना मॅच झालं पाहिजे ना!"

"बाबू, काळ्या तव्यावर पांढरी भाकर वाईट दिसते का?"

सलीलनं एकदा पायरी पाह्यली, एकदा पांढरं कपाट पाह्यलं आन गुमान नयनले फोन लावला. "सर, काळा-पांढरा कॉन्ट्रास्ट सध्या फार चालतोय." तिकडून नयन म्हणते, "मी तेच म्हणणार होतो!" घ्या! म्हननार होता म्हने!

बसला ओटा. आला नयन पुण्याहून, आले मुलीकडचे. मुलीच्या आईनं, पद्मजाबाईनं, ओट्यावर हात फिरवला. "काय सुंदर मॅच झालंय हो! निवड कोणाची?"

भगवानरावची छाती फुगली. "आमच्या नयनची! शिकलेलं मानूस लागते जी त्याले. हिले का समजते त्याच्यातलं?"

नयन गालातल्या गालात हासून राह्यला. विजयमालाबाईच्या ओठावर आलतं सारं... पन पाव्हने खूश होते, मुलगी लाजून राह्यली होती, सोयरीक पक्की व्हाले आलती. तिनं तव्यावरची पोळी उलटवली, पदरानं कपाळ पुसलं आन म्हणे, "हो बाप्पा! मले तं फक्त सैपाक करता येते."